प्रल्हादरावांचं देवक

प्रल्हादराव बाटले, अशी बातमी २०२४ च्या जूनमध्ये आमच्या टाउनहाउसच्या रांगेत फुटली. फोडली आमच्या रेखाने, म्हणजे माझ्याच बायकोने. रविवारची सकाळ, ती किचनच्या खिडकीशी मिरच्यांची देठं खुडत उभी होती. बघते तर मागच्या हिरवळीवर शेजारचे प्रल्हादराव अनवाणी, हात जोडून उभे, आणि त्यांच्या पलीकडच्या घरातली गोरी म्हातारी मोठ्या ॲशच्या झाडाच्या बुंध्याशी मगातलं दूध ओतते आहे, तोंडाने काहीतरी पुटपुटते आहे. रेखाने कांचनला फोन केला. कांचनला एकदा सांगितलं की मराठी मंडळात वेगळी नोटीस काढावी लागत नाही. संध्याकाळपर्यंत प्रल्हादराव ख्रिश्चन झाले होते. सोमवारी म्हातारी चेटकीण ठरली. मंगळवारी कुणीतरी ग्रुपवर टाकलं, की हा सगळा ग्रीन कार्डासाठी लग्नाचा घाट आहे. हे कुणीतरी म्हणजे मीच. विनोद तसा लंगडाच होता. प्रल्हादरावांना ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली होती आणि सुलभावहिनी, त्यांची लग्नाची बायको, त्याच घरात वरच्या खोलीत होत्या.

खरं ते असं. प्रल्हादराव बाटले नव्हते. म्हातारीच गेल्या तीस वर्षांत कुणाच्या अंत्यविधीखेरीज चर्चची पायरी चढली नव्हती, ती दुसऱ्याला काय बाटवणार! ते दोघं झाडाखाली जे करत होते ते चर्चच्याही आधीचं होतं. आणि वहिनी वरच्या खोलीत का असतात, महिनोन्‌महिने खाली का दिसत नाहीत, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

बुधवारी मी त्यांना ड्राइव्हवेवर गाठलं. ते कचऱ्याचा डबा आत ओढत होते.

"काय फादर," मी म्हणालो, "देवाला दूध कुठलं चालतं? टू पर्सेंट फॅट की होल?"

प्रल्हादरावांना कुठलंही उत्तर द्यायला वेळ लागतो. मीठ पुढे करा म्हटलं तरी आधी विचार करतात. त्यांनी डबा गॅरेजच्या भिंतीला नीट टेकवला, झाकण बसवलं.

"सुलभाला कॅन्सर आहे, कृष्णा. स्वादुपिंडाचा. जानेवारीत कळलं."

आणि माझा प्रश्न अर्धवट राहू नये म्हणून म्हणाले, "होल."

विनोद आधी आणि बातमी नंतर, असा उलटा क्रम झाला. तो आता काही बदलता येत नाही.

माणूस म्हणाल तर असा. साताऱ्याकडच्या कोरेगाव तालुक्यातला, कराडला इंजिनियर झालेला. पुण्याच्या कंपनीने २००४ साली इथे शिकागोजवळ शॉमबर्गला पाठवला, तो इथलाच झाला. एका इन्शुरन्स कंपनीचे चाळीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम सांभाळतो. त्या कंपनीने तीनदा माणसं काढली, यांना हात लावला नाही. ते प्रोग्राम वाचू शकणारं दुसरं कुणी जिवंतच नाही, असं मी चारचौघांत सांगतो. त्यावर ते म्हणतात, "एक आहे. पण तो फ्लोरिडात असतो."

देवाधर्माचं फार नाही. देवघर म्हणजे डायनिंग टेबलामागच्या कपाटातला एक कप्पा, त्यात खंडोबाचा टाक आणि शेजारी गॅरेजची जादा किल्ली. पण एका बाबतीत माणूस हटून बसायचा, ते म्हणजे देवक. त्यांच्या घराण्याचं देवक कळंब. लग्न निघालं की कळंबाची डहाळी आणायची, मांडवात तिची पूजा करून देवक बसवायचं, त्याशिवाय अक्षता पडत नाहीत. एरवी त्या झाडाला घरातल्या कुणी कोयता लावायचा नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही. कळंब हे झाड नव्हेच, घरातलं सगळ्यात थोरलं माणूस. त्यांना एकच मुलगी, चैत्राली. ती इथल्या हायस्कुलात होती तेव्हापासून यांना चिंता, की हिच्या लग्नात देवक कुठून आणायचं. २०१२ साली गावाहून येताना त्यांनी कळंबाच्या दोन डहाळ्या ओल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातल्या. ओहेअर विमानतळावर कस्टम्सच्या बाईंनी त्या बाहेर काढल्या आणि विचारलं, हे काय आहे? प्रल्हादरावांनी नेहमीसारखा विचार केला आणि म्हणाले, "फॅमिली मेंबर." त्या दिवशी त्यांना तीन तास बसवून ठेवलं. डहाळ्या कचऱ्यात गेल्या त्या गेल्याच. वहिनी ही हकिगत सांगायच्या तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता म्हातारी. तिचं नाव नोरा डूलन. आयर्लंडमधल्या क्लेअर नावाच्या भागातून एकोणिसाव्या वर्षी शिकागोला आली, चाळीस वर्षं नर्स होती, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलं नाहीत. आमच्या मागच्या हिरवळीवरचं ॲशचं झाड ती आपलंच समजायची. दहा-बारा वर्षांपूर्वी या भागात हिरव्या चकचकीत किड्याची साथ आली होती. हा किडा सालीखाली शिरतो आणि झाड आतून पोखरतो. ॲशचं एक झाड ठेवलं नाही त्याने, रस्तेच्या रस्ते उघडे पडले. आमचं एक तेवढं वाचलं, कारण नोराने घरमालकांच्या असोसिएशनच्या मागे लागून लागून दर दोन वर्षांनी त्याला इंजेक्शनं द्यायला लावली.

त्या मे महिन्यात झाडवाला येऊन बुंध्याला भोकं पाडून नळ्या जोडत होता. प्रल्हादराव मागच्या दारात उभे राहून बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "पोर्ट बसवला का?"

पोर्ट म्हणजे केमो द्यायला छातीत कातडीखाली बसवतात ती डबी. झाडवाल्याला ओ की ठो कळलं नाही. नोरा मात्र नर्स.

"तुझ्या घरात कुणाला बसवलाय?" तिने विचारलं.

अख्ख्या शॉमबर्गात हे सगळ्यात आधी कळलं ते तिला. तिने त्यांना किचनमध्ये नेऊन बसवलं, काळाकुट्ट चहा दिला आणि कुठला अवयव, कुठली स्टेज, एवढंच विचारलं. उत्तर ऐकल्यावर दुखण्याविषयी पुढे एक अक्षर बोलली नाही. नर्सच ती, तिला कळायचं ते कळलं. ती झाडांविषयी बोलायला लागली.

फार जुन्या काळी म्हणे आयर्लंडच्या राजाच्या सभेत एक पाहुणा आला, ताडमाड उंच. हातात एकच फांदी, पण तिला तीन तऱ्हेची फळं. ती त्याने तिथल्या एका वृद्धाला दिली, आणि त्यातून देशाच्या पाच भागांत पाच झाडं उभी राहिली. एक ओक, एक यू, आणि तीन ॲश. त्यांच्या सावलीत माणसं जमायची, न्यायनिवाडे व्हायचे. त्यातलं एक ॲशचं झाड म्हातारं होऊन पडलं तेव्हा त्या भागातली माणसं घरचं कुणी गेल्यासारखी रडली. पुढे एकेका कुळाचं असं एकेक झाड झालं. त्याखाली कुळाचा राजा व्हायचा. आपल्या झाडाला आपण हात लावायचा नाही. शत्रू मात्र चालून आला की तेच झाड तोडायचा, म्हणजे कूळ खचायचं. क्लेअरमध्ये नोराच्या गावापासून जवळच असं एक टेकाड आहे. हजार वर्षांपूर्वी शत्रूने तिथलं झाड नुसतं तोडलं नाही, मुळं खणून काढली.

नोरा सांगते, एवढं ऐकून हा माणूस दोन मिनिटं कपातच बघत बसला. तिला वाटलं, रडतोय. मग म्हणाला, "आमच्याकडे याला देवक म्हणतात."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला इथे ओळखीचं काहीतरी भेटलं होतं, आणि तेही साताऱ्यापासून इतक्या लांबच्या कुणाकडे.

मग तिने चिंधीचं सांगितलं. आजाऱ्याने अंगावर वापरलेल्या कापडाची चिंधी फाडायची आणि देवाच्या झाडाला बांधायची. उन्हापावसात चिंधी कुजत जाते, तसतसं दुखणंही कुजत जातं. चिंधी गळून पडली की माणूस उठला. नोराच्या आईने नोराच्या भावासाठी बांधली होती.

"मग?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"उठला ना. धट्टाकट्टा झाला. पुढे इंग्लंडला जाऊन ट्रकखाली आला, पण ते वेगळं."

त्या दिवसापासून प्रल्हादरावांचा जीव त्या चिंधीत अडकला. डॉक्टर काय म्हणतात ते ते ऐकायचे, लिहून घ्यायचे, फाइलला लावायचे. पण वहिनी बऱ्या होणार की नाही, हे त्यांच्या लेखी आता एका कापडावर ठरणार होतं.

पुढचं मला वहिनींनीच सांगितलं. हे महाराज वर गेले आणि म्हणाले, तुझी एखादी साडी फाडायची आहे. वहिनी पडल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यावरचा राग साडीवर काढताय का?" यांनी सगळं सांगितलं. वहिनी इथल्या लायब्ररीत पुस्तकं लावायच्या, असल्या गोष्टी पुस्तकांत ठीक असतात असं त्यांचं मत. पण नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी ते बाजूला ठेवलं. कपाट उघडायला लावलं. इथे आपल्या बायकांच्या कपाटात असतं काय? इस्त्री कोण करणार, म्हणून सगळं मशीनमध्ये टाका, ड्रायरमध्ये टाका आणि नेसा, असलं. वहिनींच्या नेहमीच्या नेसणीतल्या साड्या दोनच. एक राणी रंगाची, फुलाफुलांची सिंथेटिक, जी नेसून त्या २००४ साली विमानात बसल्या होत्या. दुसरी आईने दिलेली पिवळी सुती, लाल काठाची. प्रल्हादरावांचा हात पिवळीकडे गेला.

"ती नको," वहिनी म्हणाल्या. "ती मी बरी झाल्यावर नेसणार आहे, गणपतीला. ही राणी फाडा. वीस वर्षं धुतेय, हिला काही मरण नाही."

प्रल्हादरावांनी राणी साडीची वीतभर पट्टी कापली. फाटत नव्हती, म्हणून कात्रीने कापली. तेव्हाही काही लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी शिडी लावून, उजव्या बाजूच्या फांदीला, पानाआड, सहज कुणाला दिसणार नाही अशी ती बांधली. दर रविवारी नोरा तिच्या आईच्या पद्धतीने दूध ओतायची, हे आपल्या पद्धतीने हात जोडायचे. आमच्या रेखाला दिसलं ते हे.

मला कळल्यावर मी चार दिवस गप्प होतो. नागपूरचा माणूस चार दिवस गप्प बसला हीच खरी ग्रुपवर टाकायची बातमी. पाचव्या दिवशी वहिनींनी वरून खिडकीतून हाक मारली, "कृष्णाभाऊजी, तुम्हीही असं तोंड करून फिरायला लागलात तर मी गेलेच म्हणून समजा." मग मी पुन्हा सुरू झालो. आमच्या पॅटिओवर शनिवारी चहाला प्रल्हादराव आणि नोरा यायचे, बरं वाटत असेल तर वहिनीही. नोराने तिच्या देवांची ओळख करून दिली. त्यांचा सगळ्यांचा बाप एक ढेरपोट्या देव आहे, दग्दा. त्याचा सदरा आखूड, हातात सोटा, आणि त्याच्याकडे एक कढई आहे जी कधी रिकामी होत नाही. म्हटलं, हा देव आपल्याला पसंत आहे, याचं मंदिर बांधा, वर्गणी मी गोळा करतो. त्यांच्या देवांच्या आईचं नाव दनू की काहीतरी तसंच. प्रल्हादराव म्हणाले, "आपल्या पुराणातही दनू आहे. पण तिची पोरं दानव."

वहिनी म्हणाल्या, "तेच तर. तीच पोरं माहेरी देव आणि सासरी दानव."

नोराला हे इंग्रजीत समजावून सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या उन्हाळ्यातलं चांगलं म्हणण्यासारखं एवढंच.

चैत्राली जर्सी सिटीहून महिन्यातून दोनदा यायची. तिने झाडाकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "बाबा, सीरियसली? दॅट्स नॉट इव्हन अवर रिलिजन."

"देवक आहे," प्रल्हादराव म्हणाले.

"ओके. डिड शी ईट?"

वहिनी खात नव्हत्या. ऑगस्टमध्ये केमो बदलली. गणपती आले, पिवळी साडी कपाटातच राहिली. झाडाचंही तसंच. शेंड्याकडच्या फांद्यांना त्या वर्षी पानं नीट फुटलीच नाहीत, सालीला किड्याची भोकं दिसायला लागली. झाडवाला म्हणाला, या वेळचं इंजेक्शन वर चढलेलं नाही. प्रल्हादराव हे ऐकून आत गेले आणि त्या दिवशी बाहेर आले नाहीत.

ॲशची पानं लवकर गळतात. हॅलोवीनपर्यंत झाड निखळ उघडं. पोरं भुतांचे मुखवटे घालून दारोदार हिंडत होती. नोराच्या मते तो तिच्या लोकांचा पितरांचा दिवस. त्या दिवशी गेलेल्यांसाठी दार उघडं राहतं, म्हणून तिने खिडकीत मेणबत्ती लावली होती. प्रल्हादराव तिच्याकडे होते. तिची नजर सहज खिडकीतून झाडाकडे गेली. उघड्या फांदीवर राणी रंगाची पट्टी वाऱ्यावर फडफडत होती. सहा महिन्यांचं ऊन, वादळं, पाऊस सगळं खाऊन एक धागा सुटला नव्हता, रंगसुद्धा उतरला नव्हता.

"प्रल्हाद," नोरा म्हणाली, "ते कापड कशाचं आहे?"

मी प्रल्हादरावांना नंतर एकदा विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलंत? ते म्हणाले, "काही नाही दिलं. घरी आलो आणि साडीला आत टॅग आहे का ते बघितलं."

शंभर टक्के पॉलिएस्टर. आणखी दोनशे वर्षं ती फांदीवर अशीच राहिली असती. कापड म्हणजे सूत असं धरून चालणाऱ्या कुणा आयरिश बाईने ती रीत सांगितली होती. आपल्या माणसांच्या कपाटात सूत उरलंय कुठे? नोरा त्यांना म्हणत राहिली, अरे वेड्या, हा म्हातारीचा समज आहे, मी तुझ्या हाताला काहीतरी काम असावं म्हणून सांगितलं. पण प्रल्हादराव प्रोग्रामवाला माणूस. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, की एक ओळ चुकली तर पुढचं सगळं चुकतं, आणि ती ओळ कुणी लिहिली ते शोधून काढायचं. इथे ती त्यांनीच लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना सांगितलं. मी आणि रेखा तिथेच होतो, डाळ-भाताचा डबा घेऊन गेलो होतो. वहिनी आधी खूप हसल्या. "सांगितलं नव्हतं मी, हिला मरण नाही म्हणून?" मग हसू थांबलं. त्यांनी कपाटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रेखा, ती पिवळी काढ गं."

प्रल्हादराव म्हणाले, "ती नको. ती तुला नेसायची आहे."

"द्या इकडे."

त्यांनी साडी मांडीवर घेतली, पदराची कड दातांत धरली आणि फाडली. सुती कापड फाटतं तेव्हा मोठा आवाज होतो. पट्टी नवऱ्याच्या हातात दिली आणि उरलेली साडी नीट घडी करून रेखाला दिली. "तू ने. तुला पिवळा रंग शोभतो."

घरी आल्यावर रेखा म्हणाली, "त्यांनी सोडून दिलं हो." प्रल्हादरावांनाही ते कळलं असणार. तरी ते शिडी घेऊन गेले आणि पिवळी पट्टी राणीच्या शेजारी बांधली. राणी का नाही सोडली, विचारलं तर म्हणाले, बांधलेलं सोडायचं नसतं.

तारीख एक नोव्हेंबर. शिकागोकडे राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. थंडीत काही कुजत नाही. बाहेर विसरलेला भोपळासुद्धा मार्चपर्यंत तसाच राहतो. पहिला बर्फ पडला, मग गारठून सगळं दगड झालं. प्रल्हादराव रोज सकाळी बूट चढवून झाडाखाली जायचे आणि वर बघायचे. एकदा मीही गेलो, शिडीवर चढून पट्टीला हात लावला. पापडासारखी कडक. खाली ते विचारत होते, "सुटतेय का? एखादा धागा?" मी म्हणालो, "काठाशी सुटतोय थोडा." खोटं बोललो. त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते खोटं आहे हे ठाऊक होतं.

जानेवारीत वहिनींचा पलंग खाली हॉलमध्ये आणला. केमो बंद झाली होती, दुखू नये एवढीच औषधं. आठवड्यातून दोनदा एक नर्स यायची, बाकी सगळं नोरा बघायची. एका दुपारी वहिनींनी तिला विचारलं, तुमच्यात मेल्यावर कुठे जातात? नोरा म्हणाली, डॉनकडे. तो आमचा पहिला मेलेला माणूस. आमच्या लोकांचं गलबत किनाऱ्याला लागत होतं तेव्हाच तो बुडाला. नैर्ऋत्येला समुद्रात एक खडक आहे, ते त्याचं घर. त्याच्या वंशातलं जे कुणी मरेल ते त्याच्याकडे जातं.

"म्हणजे आपला यमच," प्रल्हादराव म्हणाले. "तोही पहिला मेलेला. त्याचंही घर दक्षिणेलाच."

वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "नोरा, बाहेरच्या लोकांना तिथे व्हिसा लागतो का?"

"नाही गं," नोरा म्हणाली. "त्याने आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. तेच तर दुःख आहे."

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला वहिनी गेल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन आणि उणे अठरा. चैत्राली आईचा हात धरून बसली होती. प्रल्हादराव खिडकीशी उभे होते आणि फांदीवर दोन्ही पट्ट्या होत्या.

झाड तोडायचं असोसिएशनचं पत्र जानेवारीतच आलं होतं. झाड घरांवर पडेल, धोका आहे. त्या वेळी प्रल्हादरावांनी उत्तर लिहिलं होतं, की झाडाला बांधलेलं एक कापड कुजेपर्यंत कृपया थांबावं, घरात आजारपण आहे. असोसिएशनच्या बाईंना काय कळलं कुणास ठाऊक, त्यांनी एप्रिलपर्यंत मुदत दिली. आता एप्रिल आला. बुंध्यावर नारिंगी रंगाचा ठिपका मारला होता. मला वाटलं, प्रल्हादराव झाडापुढे आडवे पडतील. मी तयारीत होतो, रेखाने थर्मासही भरला होता. पण ते नुसते आले, बूट काढून ओल्या गवतावर उभे राहिले, आणि करवत चालवणाऱ्या माणसाला म्हणाले, ती उजवीकडची फांदी आधी मला द्या. त्याने काढून दिली. पिवळी पट्टी बर्फ वितळल्यावर काठाशी विरायला लागली होती. राणी कोरी करकरीत. प्रल्हादरावांनी फांदीचा तेवढा तुकडा आत नेला आणि कपाटातल्या कप्प्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. नोरा तिच्या खिडकीतून बघत होती. ती बाहेर आली नाही, आणि त्यानंतर आमच्या पॅटिओवरही फारशी येत नाही.

झाड पडायला चाळीस मिनिटं लागली. ॲशचं लाकूड जळायला उत्तम. तोडणाऱ्यांनी विचारलं, कुणाला हवंय का? मी आठ-दहा ओंडके आमच्या फायरपिटसाठी, म्हणजे अंगणातल्या शेकोटीसाठी, उचलून आणले आणि पॅटिओवर रचून ठेवले. देवकाचं लाकूड चुलीत घालायचं नसतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी आणले. का आणले ते विचारू नका, फुकट होते म्हणून आणले.

मे महिन्यात एका शनिवारी प्रल्हादराव चहाला आले. चैत्राली जर्सी सिटीला परत गेली होती. फांदीला राणी पट्टी बांधली, त्याला वर्ष झालं होतं. मागची हिरवळ उघडी बोडकी, दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. ते बसले ते नेमके ओंडक्यांसमोर. बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मला ते बघणं सोसेना, काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि मला बोलता येतं ते एकाच प्रकारे.

"प्रल्हादराव," मी म्हणालो, "गॅलननी दूध प्यायला तुमचा देव. आणि शेवटी केलं काय? आमच्या फायरपिटमध्ये येऊन बसला."

रेखाने माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथल्या तिथे उठून जावंसं वाटलं. प्रल्हादरावांनी नेहमीएवढाच वेळ घेतला. चहा संपवला, कप खाली ठेवला, एक ओंडका जरा सरळ केला आणि म्हणाले, "देवाला नावं ठेवू नकोस, कृष्णा. कापड मी चुकीचं बांधलं होतं. तुझ्यावर वेळ आली तर सुती बांध."